तालुक्याच्या रकान्यात

जावक नोंदवहीत सहा रकाने.
क्रमांक, नाव, गाव, तालुका, जिल्हा, तिकीट.
अठरा वर्षं भरतोय मी ते,
कागल, करवीर, पन्हाळा, गडहिंग्लज:
गार न होणारे फ्रीज, न उगवलेलं बियाणं,
नाकारलेला विमा.
आज नाव लिहिलं आणि पेन थांबलं.
इमारत चार, मजला सतरा, खोली ब,
आणि पुढे एक शहर, जे मी पहिलीतल्या पोरासारखं
अक्षराला अक्षर जोडून वाचलं.
तालुका काय लिहू?

तक्रारदार इंदुमती सातपुते, सुभाषनगर.
चपलेच्या वेण्या घालतात.
चामड्याच्या पट्ट्या कापायचं यंत्र मागवलं,
फोटोत ओतीव लोखंड, चार पाय रोवून उभं,
नऊ हजार आठशे, भिशी उचलून.
सत्तावीस दिवसांनी खोकं आलं.
"हातात घेतलं तवाच कळलं वो.
लोखंडाला वजन असतंय."
आत गाजराची किसणी होती, प्लास्टिकची.

ती त्यांनी पुरावा म्हणून आणली, पिशवीतून,
आणि फोनवरचे निरोप, पानाला पाच रुपये देऊन छापलेले:
प्रिय ग्राहक, आपले समाधान आमचा आनंद आहे.
प्रिय ग्राहक, कृपया रुग्ण व्हा.
त्यानंतर दुकानच गेलं, फोटोसकट.

मी समजावलं, पाच लाखांच्या आत फी नाही,
विकणारा कुठल्या का मुलखात असेना,
तुम्ही राहता तिथंच तक्रार चालते.
मात्र विचारतील, धंद्यासाठी घेतलं का?
व्यापाऱ्याला हा कायदा नाही.
त्यांनी टेबलावर हात ठेवला, पालथा, मग उताणा.
बोटांना आरीचे वण, नखांत न जाणारा काळा रंग.
"धंदा कसला. पोट हाय."
वकीलबाईंनी शपथपत्रात लिहिलं:
स्वयंरोजगारातून, केवळ उपजीविकेसाठी.

सुनावणीला अ‍ॅपवाल्यांचा वकील पडद्यावर,
बेंगळुरूहून, मध्येच गोठत, मध्येच हलत:
"आम्ही फक्त दार आहोत.
माल दुसऱ्याचा. विक्री दुसऱ्याची."
"मग दारातनं जायचं भाडं कशापायी घेतलासा?"
अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.
पुसलेला पुन्हा पुसला.
विक्रेत्याला नोटीस काढा.
दाराचं काय ते पुढच्या तारखेला.

बाहेर बाकावर बसून त्या माझ्या पायांकडे बघत होत्या.
"ही जोड आमच्या गल्लीतली.
डाव्या अंगठ्याची शिवण गेलीया. काढा."
अठरा वर्षांत पहिल्यांदा मी कचेरीत अनवाणी उभा राहिलो.
कनवटीला दोरा होताच, आरी पिशवीत.
"वादी तुटली की माणूस दारात येतंय,
शिव्या देतंय, च्या पितंय.
दोन वर्सांनी आलं तरी माझी वेणी मला कळतीया.
ह्या बाबाला तोंडच न्हाई व्हय?"

परदेशातून इथल्या गिऱ्हाइकाला विकलं
तरी नियम लागतात, मी म्हणालो.
छापील उत्तर होतं, खरंही होतं.
त्यांनी दातांनी दोरा तोडला.

तारीख विचारली. कागद दिला तर घेतला नाही;
पिशवीतली एक कातर काढली, बोटभर,
आरीच्या टोकानं तिच्यावर ओरखडलं, सतरा, अकरा,
आणि ब्लाउजमध्ये ठेवली.

तालुक्याच्या रकान्यात मी आडवी रेघ मारली.
जिल्ह्याच्याही.
मग पोस्टात गेलो, डावी चपल उजवीपेक्षा जोरात कर्रकर्र वाजत.
खिडकीतल्या पोरीनं लिफाफा उलटा धरला, सुलटा धरला.
"पोचंल का हो हे?"
माझ्यामागं रांगेत नऊ माणसं.
वजन करा, मी म्हणालो.